विद्यार्थ्याचा पोषाख आणि त्याची थैली

नांदेड व लातूर या दोन शहरांत शिकावयास येणाऱ्या मुलांविषयीं वडील पिढीची एक तक्रार वारंवार कानीं पडते. बाप शेतांत राबतो, कापसाचे किंवा सोयाबीनचे पैसे हातीं येतांच खोलीचें भाडें आणि खानावळीचा खर्च पाठवितो, आणि मुलगा मात्र त्यांतून नव्या धर्तीची विजार व पांढरे बूट घेतो! ही तक्रार सर्वस्वी खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती आजचीच आहे, पूर्वीचा विद्यार्थी साधा व आजचा छानछोकीचा, असा जो तिच्यांत गर्भित समज आहे, तो इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीं. मराठवाड्यांतील विद्यार्थ्यानें कोणत्या काळीं काय अंगावर घातलें, तें कोणाच्या पैशानें घातलें व कां घातलें, हें क्रमानें पाहिलें म्हणजे या प्रश्नाचें स्वरूप बरेंच पालटतें. तोच प्रयत्न या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं मराठवाडा हा निजामाच्या राज्याचा भाग होता आणि त्यांत उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. ज्याला शिकावयाचें तो हैदराबादेस जाई, किंवा पुण्याची वाट धरी. वार लावून जेवणाऱ्या या मुलाजवळ दोन धोतरें, एखादें उपरणें, एक सदरा आणि टोपी किंवा पागोटें, एवढाच संसार असे. एक धोतर अंगावर, दुसरें दोरीवर, हा त्याचा नित्यक्रम. येथें आपण सहज म्हणतों, ‘काय ही साधी राहणी!’ परंतु ती साधेपणाची निवड नव्हती. निवडीला जागाच नव्हती. कापड दुकानदाराच्या वहींत बापाच्या नांवावर मांडलें जाई व सुगीनंतर त्याचा हिशेब होई. कोणतें कापड घ्यावयाचें हें बाप आणि दुकानदार मिळून ठरवीत. मुलाच्या आवडीनिवडीचा प्रश्न उद्भवतच नसे. थैली बापाची होती, म्हणून पोषाखही बापाचाच होता.

तरीही कापडाच्या बाबतींत विद्यार्थ्याचें मन किती जागृत होतें, याचा पुरावा याच काळांत सांपडतो. १९०५ सालीं वंगभंगाच्या चळवळींत पुण्यास विदेशी कापडाची जी होळी झाली, तींत पुढाकार विद्यार्थ्यांचा होता. फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांना त्याबद्दल दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहांतून बाहेर पडावें लागलें. ज्यांच्याजवळ कपडे मोजकेच, त्यांनींच ते आगींत टाकले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वस्त्र म्हणजे केवळ अंग झांकण्याचें साधन, असें त्या मुलांना वाटत असतें तर ती होळी पेटलीच नसती.

आतां निजामी राज्यांतील विद्यार्थ्याकडे वळूं. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. उर्दू हें तेथील शिक्षणाचें माध्यम आणि शेरवानी हा तेथील विद्यार्थ्याचा वेष. शेरवानीवर रुमी टोपी घालण्याची चाल हैदराबादच्या सुशिक्षित वर्गांत रूढ होती. मौज अशी कीं, ज्या तुर्कस्थानाशीं या टोपीचें नांव जोडलेलें, त्या देशानें १९२५ सालीं कायदा करून ती बंद केली. परंतु हैदराबादेंत तिचा मान पुढेंही अनेक वर्षें अबाधित राहिला. नांदेडच्या एखाद्या कुळकर्ण्याच्या किंवा देशमुखाच्या घरांतून निघालेल्या मुलाला हा वेष नवा होता आणि महागही होता. शेरवानीला कापड पुष्कळ लागे, शिवण्यास कसबी शिंपी लागे, आणि मजुरी हाली सिक्क्यांत मोजावी लागे. हा सिक्का निजामाचा स्वतःचा. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये असा त्याचा सामान्य भाव होता. तेव्हां एकच शेरवानी शिवून ती तीन-चार वर्षें वापरणें आणि थोरल्याची शेरवानी उसवून धाकट्यास बेतणें हाच गरीब विद्यार्थ्याला मोकळा असलेला मार्ग होता.

१९३८ सालीं उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचा लढा उभा राहिला. कितीएक विद्यार्थी काढून टाकण्यांत आले व त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. याच सुमारास स्टेट काँग्रेसच्या चळवळीबरोबर खादीचा सदरा आणि गांधी टोपी मराठवाड्यांतील तरुणांत पसरूं लागली. खादी जाडीभरडी असे; ती पुष्कळदां गिरणीच्या कापडाहून स्वस्तही नसे. तरी ती घेतली जाई, कारण ती घालणारा कोण आहे हें दुरून ओळखूं येई. आज ज्याला आपण ‘फॅशन’ म्हणतों, तिचें कार्य याहून फारसें वेगळें नाहीं. मी कोणाचा, कोणाच्या बाजूचा, हें एक अक्षरही न बोलतां सांगणें, हें तें कार्य होय.

ही ओळख कधीं कधीं प्राणावर बेते. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं पोलीस कारवाई संपून निजामी सत्ता मावळली. त्यानंतरच्या दिवसांत मुसलमान प्रजेवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें केली. तिनें उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळल्याचें नमूद केलें आहे. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतच होतें. जी रुमी टोपी काल प्रतिष्ठेची खूण होती, ती आज डोक्यावर घेऊन रस्त्यानें जाणें धोक्याचें झालें. वेष ही क्षुल्लक बाब आहे असें म्हणणाऱ्यानें हें प्रकरण विसरूं नये.

राज्य पालटलें आणि १९५० सालीं स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनें नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. त्याच वर्षीं औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. आतां खेड्यांतला मुलगा हैदराबादेस न जातां शिकूं लागला, आणि वर्गांत प्रथमच सर्व जातींचीं मुलें शेजारीं शेजारीं बसूं लागलीं. पोषाखाच्या इतिहासांत हा टप्पा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कारण कोणी काय घालावें याचे अलिखित कायदे गांवोगांवीं होते. अस्पृश्य मानलेल्या माणसानें चांगलें वस्त्र ल्यालें तर तो उद्दामपणा ठरे. वरच्या जातीच्या वस्तींतून जातांना पायांतील वहाणा काढून हातीं घ्याव्या लागत. ज्या चर्मकारानें सर्व गांवाला जोडे शिवून द्यावयाचे, त्याच्याच पायांवर हें बंधन असावें, याहून विपरीत तें काय? डिसेंबर १९२७ मध्यें महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळीं बाबासाहेबांनीं स्त्रियांना उपदेश केला तो लुगडें नेसण्याच्या रीतीविषयीं आणि अंगावरील जड दागिन्यांविषयीं होता. ज्या खुणांवरून जात ओळखली जाते त्या खुणाच टाका, असा त्याचा आशय. ते स्वतः नेहमीं नीटनेटक्या सुटांत असत, आणि त्यांच्या अनुयायांना त्या सुटाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाहीं.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ति १९४४ सालीं सुरू झाली. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलाच्या हातीं ती पडे तेव्हां पुस्तकें, खानावळीची बाकी आणि एक सदरा-विजार असा तिचा विनियोग होई. या सदऱ्याला जो कोणी उधळपट्टी म्हणेल त्यास आम्ही विचारूं कीं, पिढ्यान्‌पिढ्या ज्याला इतरांचे उतरलेले कपडे घालावे लागले, त्यानें स्वतःच्या मापाचा पहिला सदरा शिवून घेणें ही उधळपट्टी कशी? थैली आतां बापाची राहिली नाहीं. ती कांहीं अंशीं सरकारची व कांहीं अंशीं मुलाची स्वतःची झाली. पोषाखही तितक्या प्रमाणांत त्याचा स्वतःचा झाला.

याच ठिकाणीं ठराविक किंमतीच्या दुकानाचें महत्त्व सांगितलें पाहिजे. झेकोस्लोव्हाकियांतील बाटा कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याजवळ कारखाना काढला व तिचे कॅनव्हासचे आणि चामड्याचे बूट हळूहळू जिल्ह्याच्या गांवांपर्यंत पोंचले. बुटावर किंमत छापलेली असे, घासाघीस नाहीं. ज्याला घासाघीस साधते त्याला हें गैरसोयीचें वाटेल. परंतु दुकानदार ज्याचें तोंड, बोली व आडनांव पाहून भाव सांगे, त्या मुलाला छापील किंमत हा मोठाच दिलासा होता. तेथें देशमुखाच्या मुलाला आणि महाराच्या मुलाला भाव एकच!

कपडे मात्र पुढेंही बराच काळ शिंप्याकडूनच येत राहिले. मराठवाड्यांत शिंप्याच्या धंद्याला एक वेगळें पावित्र्य आहे. संत नामदेव जातीनें शिंपी. हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें त्यांचें जन्मस्थान म्हणून मानलें जातें, आणि त्यांचीं पदें शीखांच्या ग्रंथसाहिबांत समाविष्ट आहेत. त्याच शीखांचें सचखंड हुजूर साहिब हें स्थान नांदेडास गोदातीरीं आहे. अशा या प्रदेशांत विद्यार्थ्याच्या पोषाखाचा एक मोठा झरा म्हणजे आहेर. लग्नकार्यांत आलेले शर्टपीस व पँटपीस पेटींत सांठवून ठेवलेले असत. कॉलेजांत जावयाच्या वेळीं आई ती पेटी उघडी. शिंप्याची शिलाई तेवढी रोख द्यावयाची. कापडाचा रंग कोणा मावशीनें निवडलेला, पण विजारीची मोहरी किती रुंद ठेवावयाची हें मुलगा ठरवी. गरिबाची फॅशन कापडांत नव्हती, ती बेतांत होती.

हा बेत झपाट्यानें बदलूं लागला तो कृत्रिम धाग्यामुळें. टेरिलिनचा शोध १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनज्ञांनीं लावला. हें कापड चुरगळत नाहीं, रात्रीं धुऊन टांगलें कीं सकाळीं कोरडें होतें व इस्त्रीवांचून चालतें. ज्याच्याजवळ दोनच सदरे, त्याला हा गुण सोन्याच्या मोलाचा. उन्हाळ्यांत तें अंगाला चिकटे, घाम शोषून घेत नसे. तरी टेरिकॉटचा सदरा ही १९७० नंतरच्या दशकांत कॉलेजविद्यार्थ्याची पहिली इच्छा होऊन बसली. १९७२ चा भयंकर दुष्काळ याच दशकाच्या प्रारंभींचा. त्याच्या झळा सोसलेल्या घरांतील मुलें दोन-तीन वर्षांनीं रुंद पायघोळ मोहरीच्या विजारी शिवून घेत होतीं, यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. खडी फोडून ज्यानें दिवस काढले, त्याला त्या दिवसांची खूण अंगावर नको असते.

मुलींचा इतिहास याहून थोडा निराळा आहे. नऊवारी लुगड्याच्या जागीं पांचवारी पातळ आलें तें शिकलेल्या स्त्रियांतून. आणि नंतर महाविद्यालयांत सलवार-कमीज आली. मराठींत तिला ‘पंजाबी ड्रेस’ हेंच नांव पडलें. सायकल चालविणें, एस. टी.च्या गर्दींत चढणें, प्रयोगशाळेंत उभें राहणें, या सर्वांस तो वेष सोयीचा होता. तो मिळविण्यासाठीं मुलीला पैशापेक्षां घरची परवानगी अधिक लागे. थैली भरलेली असली तरी तिची नाडी दुसऱ्याच्या हातीं, अशी तिची स्थिति होती, आणि ती अजून सर्वत्र संपली आहे असें नाहीं.

यानंतरचें युग जीन्सचें. या वस्त्राच्या कुळकथेंत महाराष्ट्राचाही वांटा आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. मुंबईच्या डोंगरी भागांत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजींत ‘डंगरी’ हा शब्द गेला आणि तो मजुरांच्या वस्त्राचें नांव झाला. अमेरिकेंत लेव्ही स्ट्राउस व जेकब डेव्हिस यांनीं २० मे १८७३ रोजीं तांब्याच्या रिबेटी ठोकलेल्या विजारीचें पेटंट घेतलें. तीही कामकऱ्यांचीच विजार. हें मजुराचें वस्त्र शतकानंतर हिंदुस्थानांत श्रीमंतांची हौस म्हणून परत आलें. तें विद्यार्थ्याच्या आटोक्यांत आणण्याचा एक मोठा कल्पक प्रयत्न अहमदाबादच्या अरविंद मिल्सनें १९९५ सालीं केला. ‘रफ अँड टफ’ या नांवानें तिनें न शिवलेली जीन्स बाजारांत आणली. डेनिमचें कापड, चेन, रिबेटी आणि लेबल अशी सर्व सामग्री एका पुडक्यांत, किंमत १९५ रुपये. शिवून घ्यावयाची ती आपल्या गांवच्या शिंप्याकडून. लहान गांवांतील हजारों शिंप्यांपर्यंत ही योजना पोंचली. तयार जीन्स याहून कितीतरी महाग असे. परगांवचें कापड आणि गांवचा शिंपी यांचा हा मेळ फार काळ टिकला नाहीं. पुढें तयार कपडेच इतके स्वस्त झाले कीं शिलाईचाच खर्च जड वाटूं लागला.

तोंपर्यंत लातूर हें विद्येचें मोठें केंद्र झालें होतें. १९७० सालीं स्थापन झालेल्या राजर्षि शाहू महाविद्यालयांत प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळांत कसून सराव करून घेण्याची जी पद्धति रुजली, तीच पुढें ‘लातूर पॅटर्न’ म्हणून गाजली. नांदेडासही वैद्यकी व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्या वाढल्या, आणि १९९४ सालीं तेथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. खेड्यापाड्यांतून हजारों मुलें या दोन शहरांत भाड्याच्या खोल्यांतून राहूं लागलीं. बाप दरमहा ठराविक रक्कम पाठवितो व मुलगा ती स्वतः खर्च करतो. थैली आतां पूर्णपणें विद्यार्थ्याच्या हातीं आली.

तो बाजार कसा करतो हें पाहण्यासारखें आहे. लातूरच्या मध्यभागीं गंजगोलाई आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणें १९१७ सालीं बांधलेल्या या वर्तुळाकार पेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि त्यांच्या कडेनें मिरची-गुळापासून सोन्यापर्यंत व पादत्राणांपर्यंत सर्व वस्तु मिळतात. एका दुकानांत भाव विचारून दुसऱ्यांत तो पडताळून पाहण्यास याहून सोयीची रचना कोणती? नांदेडास वजिराबादची पेठ तेंच काम करते. जोडीला आतां मोठ्या उद्योगसमूहांचीं, हजार रुपयांच्या आंतील कपडे विकणारीं दुकानें आणि मोबाइलवरून माल मागविण्याची सोय आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवरील व पादत्राणांवरील वस्तुसेवाकर ५ टक्के झाला, त्याचाही थोडा हातभार लागतो. एका खोलींतील चौघे चार निरनिराळे सदरे घेतात आणि आळीपाळीनें घालतात. म्हणजे प्रत्येकाला एका सदऱ्याच्या किंमतींत चार सदरे! ही युक्ति कोणत्याही अर्थशास्त्रज्ञास मान खालीं घालावयास लावील.

तथापि स्तुतीबरोबर हिशेबही केला पाहिजे. पूर्वीचा विद्यार्थी एक वस्त्र घेई व तें चार वर्षें वापरी. आजचा चार घेतो व तीं एका वर्षांत टाकतो. समजा, तीनशे रुपयांचा दिखाऊ बूट चार महिन्यांत उखडतो आणि नऊशेंचा बूट दोन वर्षें टिकतो. दोन वर्षांत पहिल्या प्रकारचे सहा जोड लागतील व त्यांचे अठराशें रुपये होतील. गरिबाला स्वस्त वस्तु महाग पडते ती अशी. आणि एकरकमी नऊशें त्याच्या हातीं नसतात, ही त्यांतली खरी अडचण. ती मुलाच्या चैनींत नाहीं, त्याच्या थैलीच्या आकारांत आहे. दुसरी गोष्ट शिंप्याची. पूर्वी विद्यार्थ्याच्या पोषाखावर गांवचा शिंपी आणि चर्मकार जगत. आज त्या शिंप्याकडे मोहरी आखूड करण्याचें व कंबर आवळण्याचें काम तेवढें उरलें आहे. मापाचा कपडा ही एके काळीं गरिबाचीही मिरास होती. आतां आपण तयार मापांत स्वतःला बसवून घेतों.

म्हणून बापानें मुलास ‘छानछोकी सोड’ असें सांगण्याऐवजीं बूट एकदांच पण टिकाऊ घेण्याइतके पैसे द्यावे, आणि मुलानें पेटींतील आहेराचें कापड जवळच्या शिंप्याकडे नेऊन आपल्या बेतानें शिवून घ्यावें, असें आम्हांस वाटतें. शेरवानी, खादी, टेरिकॉट, जीन्स हीं नांवें बदललीं. परंतु आपण ज्या वर्गांत बसतों त्या वर्गाला शोभेसें दिसावें, कोणीं आपणांस दारांतच अडवूं नये, ही या प्रदेशांतील विद्यार्थ्याची इच्छा शंभर वर्षें एकच आहे. ज्या भूमींत कांहीं माणसांना पायांतील जोडा हातीं घेऊन चालावें लागे, त्या भूमींतील मुलानें स्वतःच्या पैशानें घेतलेले बूट घालून महाविद्यालयाच्या पायऱ्या चढाव्या, या दृश्यांत खर्चाचा हिशेब जरूर पाहावा. पण तेवढाच पाहूं नये.